ओढ्यापलीकडच्या पोरांची नावं कमी करू नका : आपल्या शाळेच्या पालकांना, गावकऱ्यांना आणि सोसायट्यांमधल्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार सगळ्यांना,

मागच्या रविवारी मारुतीच्या सभामंडपात शाळेची बैठक झाली तेव्हा ठरावाला मी पण हात वर केला होता. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तेव्हा गप्प होती आणि आता पत्रं लिहितीये. जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी ठराव काय होता ते लिहिते. येत्या जूनपासून ओढ्याच्या अलीकडच्याच मुलांना आपल्या शाळेत घ्यायचं, पलीकडच्यांनी हायवेच्या पलीकडच्या शाळेत जायचं, आणि आत्ता जी पलीकडची पोरं शिकतायत त्यांना हळूहळू दाखले देऊन टाकायचे. अर्ध्या तासात सगळं झालं, चहा झाला, सह्या झाल्या आणि आपण घरी गेलो. माझी सही सातवी आहे. मला ती मागं घ्यायचीये आणि तुम्हीही तुमची मागं घ्यावी म्हणून हे लिहितीये.

मला बरेच जण ओळखतात, शाळेच्या गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान आमचं आहे. शाळा ज्या जागेवर उभी आहे त्यातली चार गुंठे माझ्या चुलत सासऱ्यांनी दिलेली, त्यामुळं "जागा गावाची, शाळा गावाची" हे जे बैठकीत तीनतीनदा बोललं गेलं ते मला कुणी शिकवायला नको. ती जागा देताना अण्णांनी कागदावर "गावठाणातल्या पोरांसाठी" असं लिहून दिलेलं नाही. बक्षीसपत्राची झेरॉक्स मीच काढलीये, त्यात फक्त "शाळेसाठी" एवढंच आहे.

गर्दी आहे हे मी नाकारत नाहीये. कुणापेक्षा जास्त मी बघते, रोज बघते. आपल्याकडं सहा खोल्या, त्यातली कोपऱ्यातली गळते म्हणून गेल्या पावसाळ्यापासून तिला कुलूप, म्हणजे पाच. पहिली ते पाचवी, तुकड्या सात, पट ४१२. म्हणून तर गेल्या वर्षापासून दोन सत्रं सुरू झाली. दुसरीच्या वर्गात ६८ पोरं आहेत. तुम्ही कधी त्या वर्गात जाऊन बघितलंय का? दप्तरं आत मावत नाहीत म्हणून व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवतात, पोरं फक्त वही आणि पेन्सिल घेऊन आत बसतात, पुस्तक लागलं की एकेक जण उठून बाहेर जातो आणि येईपर्यंत बाई पुढच्या पानावर गेलेल्या असतात. मागच्या भिंतीपाशी जी ओळ बसते तिच्यापर्यंत बाईंना पोचताच येत नाही, मधे पाय ठेवायला जागा नाही, मग वह्या हातोहात पुढं येतात, तपासून हातोहात मागं जातात, आणि त्यात दोनचार दुसऱ्याच्याच हातात पडतात. माझा मुलगा त्या मागच्या ओळीत होता. वर्षभरात त्याच्या वहीवर बाईंची सही किती वेळा झाली ते मी मोजलंय, अकरा वेळा. बाईंना मी काडीचाही दोष देत नाही, त्यांचा घसा एप्रिलपर्यंत पार बसलेला असतो.

आणि ते सकाळचं सत्र! सरकारनं २०२४ मधे सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, लहान पोरांची झोप होत नाही. आपल्याकडं सात वाजता पहिलीची पोरं गेटपाशी पेंगत उभी असतात कारण बाराला दुसऱ्यांसाठी खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात. खिचडीची वेळ दोन्ही सत्रांच्या मधे येते, म्हणजे एकीकडं ताटं धुतायत, एकीकडं प्रार्थना चाललीये, आणि गेटवर दोन्हीकडची पोरं समोरासमोर. मागच्या महिन्यात त्याच रेट्यात एका मुलीचा हात गेटात सापडला, तुम्हाला आठवत असेल. तिथूनच हा ठराव निघाला हेही मला मान्य आहे. घाबरलो होतो आपण सगळे.

पण गर्दी झाली कशानं, ते बैठकीत एकानंही विचारलं नाही, मी पण नाही.

ओढ्यापलीकडं कोण राहतं? साइटवरचे लेबर कॅम्प आहेत, पत्र्याच्या खोल्या, आणि त्याला लागून चाळी. चाळी कुणाच्या? आपल्याच. गावातल्या निम्म्या घरांची तिकडं दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग आहे, आमच्या घरची पण आहे, सहा खोल्या, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं आपण जाऊन घेतो. शेतं आपण विकली, टॉवर उभे राहिले, टॉवर बांधणारे आले, मग टॉवरमधल्या घरांत धुणंभांडी करणाऱ्या आल्या, वॉचमन आले, भाजीवाले आले, आणि प्रत्येकाबरोबर दोन लेकरं आली. भाडं चालतं आणि लेकरं चालत नाहीत, हे माझ्याच्यानं आता होत नाही. सोसायटीतल्या ताईदादांनाही सांगते, तुमच्यातल्या बहुतेकांची मुलं बसनी इंग्लिश मीडियमला जातात, तरी ठरावाच्या बाजूनं तुमच्या ग्रुपवर जे जोरात लिहिलं गेलं ते मी वाचलंय. तुमच्या घरी सकाळी सातला जी ताई येते ना, तिची मुलगी तिसरीत आहे आणि तिचं नाव दाखले द्यायच्या यादीत आहे.

हे काही आपल्याच गावाचं नाही. पुण्यात बघा, २०१७ ला ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३, क्षेत्रफळानं मुंबईपेक्षा मोठी महापालिका झाली ती. हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते, शाळेच्या खोल्या मात्र गावाच्या होत्या तेवढ्याच राहतात. आपलंही तेच झालं, गाव शहरात गेलं आणि शाळेची दुरुस्ती गावाच्या जुन्या कारभारानं करायची का शहराच्या नव्या, यावरच कागद फिरत बसले. गळकी खोली त्याच्यात अडकलीये.

आता माझ्या माहेरचं सांगते. डोंगरातली वाडी आहे, तिथल्या शाळेचा पट ९. मी शिकले तेव्हा चाळीसच्या आसपास होता. २०२३ च्या सप्टेंबरमधे पत्र निघालं होतं की २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची मिळून समूह शाळा करा, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा दाखला देऊन. राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा आहेत. माझा भाऊ तेव्हापासून धास्तावलाय की वाडीतली शाळा कधी बंद करतील. आणि वाडीतली माणसं गेली कुठं? अशाच शहरांच्या कडेला. तिथला पट इथं येऊन बसलाय, आपल्या दुसरीच्या मागच्या ओळीत. तिथं म्हणायचं पोरं नाहीत म्हणून शाळा नाही, इथं म्हणायचं पोरं जास्त आहेत म्हणून शाळा नाही. मग त्या लेकरांनी जायचं कुठं?

बरं, शिक्षक का कमी आहेत ते पण बघा, कारण ही गोष्ट माझ्या दुकानात रोज माझ्यासमोर घडते. शिक्षक किती द्यायचे ते संचमान्यतेवर, म्हणजे सरकार शाळेला किती पदं मंजूर करतं त्यावर ठरतं, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर, त्यातही ज्यांचं आधार जुळतंय त्यांच्यावर. आता बांधकामावरची माणसं येतात कधी? दसरा-दिवाळी झाली की. म्हणजे पोरगं नोव्हेंबरमधे वर्गात बसतं, खिचडी खातं, पण त्याच्या वाटणीचा शिक्षक त्या वर्षी नाही. आणि जे सप्टेंबरमधे असतात त्यांच्या आधारवर नाव एक, जन्मदाखल्यावर दुसरं, दाखल्यावर तिसरंच, एका मुलीचं नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हेनं, आडनावाच्या जागी गावाचं नाव! ते दुरुस्त करायला तिच्या आईनं चार दिवसांची रोजंदारी बुडवली, सेंटरवर रांग, कधी मशीन बंद, शेवटी तारीख निघून गेली. आपला पट ४१२, पण गेल्या वर्षी मोजला गेला ३१८. शिक्षण हक्क कायद्यातलं, म्हणजे आरटीईतलं, परिशिष्ट सांगतं की २०० च्या वर पट गेला तर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागं ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. ४१२ ला किती होतात? अकरा. ३१८ ला आठ. आणि हजर आहेत सात, त्यातले दोघं मतदारयादीच्या कामाला. ही ९४ पोरं शाळेत आहेत आणि हिशोबात नाहीत. आणि आपण काय केलं, तर त्यांना हिशोबात घ्या असं म्हणायचं सोडून त्यांना शाळेतूनच काढायचा ठराव केला. उद्या ती गेली तर तेच शिक्षक, त्याच खोल्या कायमच्या पक्क्या होतील, वर म्हणतील आता कशाला पाहिजे, पट कमी झालाय ना.

आता अंतराचं. बैठकीत कुणीतरी मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला की ओढ्यापलीकडून दुसरी शाळा फक्त ९०० मीटर, म्हणजे एक किलोमीटरच्या आत, म्हणजे नियमात बसतं. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हा नियम मला पाठ आहे, खाजगी शाळांतल्या २५ टक्के मोफत जागांसाठीचे आरटीईचे फॉर्म भरून भरून. त्या फॉर्ममधे नकाशावर आपल्या घराच्या जागी बलून ठेवायचा असतो. बोट जरा हललं, बलून रस्त्याच्या पलीकडं पडला, की शाळांची यादीच बदलते, आणि पुढं पडताळणीत पत्ता जुळला नाही की लॉटरीत लागलेला नंबरही जातो. तो बलून ठेवताना पालकांचे हात थरथरताना मी बघितलेत. २०२४ मधे तर फेब्रुवारीत नियमच बदलला, खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्के प्रवेशाची सक्ती नाही. फॉर्म उघडला की ज्या शाळांसाठी लोक वर्षभर थांबलेले त्या यादीतच नाहीत, पुन्हा आपलीच शाळा समोर. लोक फॉर्म न भरताच परत गेले. मे महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला, तोवर मी तेच फॉर्म दुसऱ्यांदा भरले होते आणि पोरं जुलै उलटला तरी घरीच. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, की एका किलोमीटरची रेघ मारून आमच्या लेकरांची वाट अडवली. आठवतंय ना? मग आता तसलीच रेघ आपण मारतोय.

म्हणून बुधवारी मी दुकान बंद ठेवलं आणि ते ९०० मीटर चालून बघितले. बरोबर चाळीतली तिसरीतली मुलगी आणि तिचा पहिलीतला भाऊ, त्यांच्या आईला विचारून नेलं. नकाशातली रेघ सरळ ओढ्यावरून जाते, पण ओढ्यावर तिकडं साकव नाही, म्हणून वीटभट्टीला वळसा घालून सर्व्हिस रोडला यायचं. तिथं फुटपाथ नाही. खडी पसरलेली, एका बाजूला काँक्रीटच्या मिक्सर गाड्यांची रांग, त्या रिव्हर्स घेतात तेव्हा ड्रायव्हरला मागचं मोठं माणूस दिसत नाही तर सहा वर्षांचं पोर कुठून दिसणार. मग हायवे. खालून जायचा बोगदा आहे, त्यात मार्चमधेही घोटाभर पाणी होतं, पोरीनं सवयीनं चपला हातात घेतल्या आणि भावाला म्हणाली कडेकडेनी ये. बोगद्यातून दुचाक्या उलट्या येतात. पलीकडं निघाल्यावर पुन्हा दारूचं दुकान, मग पंपापासून चढ. शाळेच्या गेटापाशी पोचलो तेव्हा मोबाईलवर २.३ किलोमीटर आणि ४१ मिनिटं झाली होती. पोरगा शेवटी माझ्या कडेवर होता. आणि त्या शाळेतही एका वर्गात ५९ बसलेली! तिथल्या सरांनी हात जोडले, म्हणाले ताई, इकडं पाठवू नका, आमच्याकडं सतरंजीही पुरत नाही.

आपल्या शाळेत यायला त्याच मुलीला अकरा मिनिटं लागतात, गावाकडच्या बाजूनं ओढ्यावर फरशी पूल आहे.

यावर कुणी म्हणेल नियम तो नियम. तर नियमच बघू. केंद्राच्या २०१० च्या आरटीई नियमांत लिहिलंय की जिथं रस्ता नाही, पुराची भीती आहे, किंवा लहान मुलांना शाळेत यायच्या वाटेवर धोका आहे, तिथं अंतराची मर्यादा कमी करून धोका टळेल अशी शाळा द्यायची. आणि दाट वस्ती असेल तर एकाच भागात एकापेक्षा जास्त शाळांचा विचार करायचा. म्हणजे गर्दीवरचा उपाय नियमातच लिहिलाय, शाळा वाढवा. पोरं कमी करा असं कुठंही नाही. उलट वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधे आलं म्हणून नाकारता येत नाही. आपल्या व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक असतात, निम्म्या बायका असतात, ते शाळेवर लक्ष ठेवायला आणि शाळेचा विकास आराखडा बनवायला. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायचा अधिकार त्या समितीला दिलेलाच नाही. आपण सह्या केल्या त्या ठरावाला कागदाची किंमत नाही, पण त्याच्या जोरावर उद्या कुणी मुख्याध्यापक बाईंवर दडपण आणेल, त्याची मला भीती वाटते. शनिवारी दोन आया दुकानात येऊन विचारून गेल्या की दाखला आत्ताच काढून ठेवू का. एकीनं तर विचारलं, गावाला पाठवून देऊ का पोरीला, आजीकडं. मुलगी तिसरीत आहे, गावाला गेली की शिकणार नाही हे तिलाही माहितीये आणि मलाही.

भांडायचंच आहे ना, मग मी पण येते भांडायला, पण जागेसाठी भांडू. जुन्या खळ्यापलीकडं मोठ्या लेआउटमधे बिल्डरनं सार्वजनिक सुविधेसाठी सोडलेला तुकडा आहे, ॲमेनिटी स्पेस म्हणतात त्याला, आत्ता तिथं सेंट्रिंगचं सामान आणि भंगार पडलंय. शिवाय शहराच्या विकास आराखड्यात पाण्याच्या टाकीमागं प्राथमिक शाळेचं आरक्षण दाखवलंय, नकाशाची प्रिंट माझ्या दुकानात लावलीये, येऊन बघा. आणि हे आरक्षण कायम राहत नाही बरं का, नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. मग तिथं काय उभं राहील ते सांगायला नको, आणखी एक टॉवर, आणि त्याच्याबरोबर आणखी पोरं याच पाच खोल्यांत. तिथं मोर्चा न्यायचा का, तर शंभर टक्के न्यायचा. गावकीनं एकदा ठरवलं तर जत्रेसाठी आठ दिवसांत चार लाख उभे राहतात हे मी बघितलंय. गळक्या खोलीचा पत्रा त्यातल्या दहाव्या हिश्शात होतो. तो आपण या मे महिन्यात करून टाकू, कोण करणार याची वाट बघत बसायला नको, आमच्या घरचे पाच हजार पहिले लिहा.

आणि सप्टेंबर यायच्या आधी आधारचं काम करू. माझ्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत, जुलै-ऑगस्टचे सगळे रविवार मी कागद जुळवून द्यायला बसते, पैसे घेणार नाही. सोसायटीतल्या ज्यांना फॉर्म, अर्ज, पोर्टल यातलं कळतं त्यांनी तासभर येऊन बसावं, तुमची खरंच गरज आहे. ती ९४ नावं पटावर पक्की झाली तर तीन शिक्षक मागायचा आपला हक्क होतो, दिवाळीनंतर येणाऱ्यांची वेगळी यादी करून शिक्षणाधिकाऱ्यांकडं मुख्याध्यापक बाईंबरोबर आपण सगळे जाऊ.

कधीतरी दुसरी शाळा झाल्यावर सीमा आखावीच लागेल, मला कळतं ते. एका शाळेत सगळे कधीच मावणार नाहीत. तेव्हा कुणाची पोरं इकडं, कुणाची तिकडं, यावर वाद होणार, आमच्या गल्लीचाही नंबर लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे की तेव्हा मोबाईलवरचा नकाशा मधे ठेवून ठरवायचं नाही. पोर ज्या वाटेनं चालणार ती वाट आधी आपण चालायची, शक्यतो पावसाळ्यात, आणि सख्खी भावंडं दोन शाळांत टाकायची नाहीत. जी पोरं आधीपासून शिकतायत त्यांना पाचवीपर्यंत तिथंच राहू द्यायचं.

पुढची बैठक रविवारी आहे, ठराव कायम करायचा विषय पहिलाच ठेवलाय. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी साडेसहाला, मी ओढ्यापलीकडं चाळीच्या नळापाशी उभी असेन. ज्यांनी ज्यांनी हात वर केला होता त्यांनी या. पोरं असतील बरोबर, दोन्ही वाटा चालू, आधी ही आणि मग ती. चपला नका घालू, बूट घाला, खडी फार आहे आणि बोगद्यात पाणी अजून उतरलेलं नाही.

तुमचीच,
झेरॉक्सवाली वहिनी